करपा लागलेली घरे

जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने मिशिगन राज्याला एक परवानगी दिली. गृहकर्जाच्या हप्त्यांखाली बुडालेल्या कुटुंबांची घरे वाचवण्यासाठी राज्याला केंद्रीय निधी मिळाला होता. त्यातले १० कोटी डॉलर ओसाड घरे पाडण्यासाठी वापरायला हरकत नाही, असे अर्थखात्याने कळवले. त्यासाठी डेट्रॉइट, फ्लिंट, ग्रँड रॅपिड्स, पाँटिअ‍ॅक आणि सॅगिनॉ ही पाच शहरे ठरली, आणि निम्म्याहून जास्त वाटा एकट्या डेट्रॉइटला मिळाला. सहा आठवड्यांनी, १८ जुलै २०१३ रोजी, सुमारे १,८०० कोटी डॉलरची देणी डोक्यावर असलेल्या डेट्रॉइटने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. शहराच्या तिजोरीत खडखडाट असताना आलेला हा केंद्राचा पैसा पुढे वाढतच गेला. २०२० मध्ये योजना संपेपर्यंत डेट्रॉइटच्या वाट्याला २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली आणि तिच्यातून सुमारे पंधरा हजार घरे जमीनदोस्त झाली. एवढ्या खर्चाबद्दल दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले: घरे किती पडली आणि पैसा कुठे मुरला. दोन्ही प्रश्न विचारायलाच हवेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न आहे. ही घरे रिकामी का झाली, आणि ती पाडली जात होती त्याच वर्षांत आणखी घरे रिकामी कोण करत होते? त्याचे उत्तर शोधल्याशिवाय पडीक घरांवरच्या खर्चाचा हिशेब पुरा होत नाही, असे माझे म्हणणे आहे.

अशा घरांसाठी अमेरिकेत ‘ब्लाइट’ हा शब्द रूढ आहे, आणि तो मुळात शेतातला आहे. आपल्याकडे बटाट्यावर किंवा टोमॅटोवर येतो तो करपा म्हणजेच ब्लाइट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत नगररचनाकारांनी तो उचलून वस्त्यांना लावला, आणि त्याबरोबर एक समजही आला: घर आपोआप आजारी पडते, शेजारच्या घराला त्याची लागण होते, म्हणून ते उपटून टाकावे. यातला लागणीचा भाग खरा आहे. ‘आपोआप’ हा भाग मात्र खरा नाही. करपा आला की शेतकरी रोगट पाने काढतो हे खरे, पण तेवढ्यावर तो थांबत नाही. बियाणे कुठले होते, पाणी साचते का, दोन ओळींत हवा खेळते का, हे तो पाहतो, कारण ते पाहिले नाही तर पुढच्या हंगामात रोग परत येणार हे त्याला ठाऊक असते. शहरांनी रोगाचे नाव घेतले, पण रोगाचे कारण शोधायची ही सवय घेतली नाही.

कारण न शोधता घरे पाडण्याचा हा अनुभव डेट्रॉइटला पूर्वी एकदा आला होता. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने गलिच्छ ठरवलेल्या वस्त्या हटवण्याच्या निव्वळ खर्चाचा दोन तृतीयांश भार केंद्र सरकार उचलू लागले. शहराने त्या आधारावर ब्लॅक बॉटम ही कृष्णवर्णीयांची दाट वस्ती साफ करायला घेतली. घरे जुनी होती, गर्दी प्रचंड होती, हे कुणी नाकारत नाही. पण गर्दी का होती? कृष्णवर्णीय कुटुंबांना शहराच्या इतर भागांत घर विकत किंवा भाड्याने मिळूच नये, अशी तजवीज खरेदीखतांतल्या अटींनी आणि कर्ज देणाऱ्यांच्या धोरणांनी केली होती. कारण जागेवर राहिले आणि घरे गेली. लोक उठले, दुसऱ्या वस्त्यांत दाटीवाटीने शिरले. मोकळी झालेली जमीन काही वर्षे तशीच पडून राहिली. तिथे माजलेल्या तणावरून गावाने तिला ‘रॅगवीड एकर्स’ हे नाव दिले. पुढे तिथे लाफायेत पार्क हा देखणा प्रकल्प उभा राहिला आणि शेजारच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी महामार्ग आला. पण ज्यांची घरे पडली, त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी त्या नव्या इमारतींत जागा नव्हती. केंद्राचा पैसा पडीक वस्तीवर खर्च झाला, एवढ्यावरून तो वस्तीतल्या माणसांवर खर्च झाला असे म्हणता येत नाही, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

२०१३ च्या निधीचा उगम २००८ च्या आर्थिक संकटात होता. बँका सावरण्यासाठी अमेरिकेच्या संसदेने ७० हजार कोटी डॉलरपर्यंतची मदत मंजूर केली. बँका सावरल्या, पण सामान्य घरमालकांचे काय, असा प्रश्न उठला. तेव्हा फेब्रुवारी २०१० मध्ये त्याच रकमेतून ‘हार्डेस्ट हिट फंड’, म्हणजे सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांसाठीचा निधी, जाहीर झाला. आधी ७६० कोटी आणि शेवटी ९६० कोटी डॉलरचा हा निधी १८ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्यात वाटला गेला. नोकरी गेलेल्याचे हप्ते भरणे, थकलेली रक्कम चुकती करणे, घर लिलावात जाऊ न देणे, ही त्याची कामे. मिशिगनमध्ये पात्र कुटुंबाला ३० हजार डॉलरपर्यंत मदत मिळू शकत होती, आणि तिच्यातून थकलेली घरपट्टीही भरता येत होती. पण अर्ज किचकट होते, अटी कडक होत्या, आणि पैसा संथ गतीने बाहेर पडत होता. ठरलेल्या मुदतीत खर्च झाला नाही तर निधी परत जाणार, ही धास्ती कोणत्याही सरकारी योजनेत असते तशी इथेही होती. पाडकामाची परवानगी या पार्श्वभूमीवर आली. कायद्याची चौकट घर वाचवण्याची असल्याने पाडकामाचा खर्च कागदोपत्री त्या भूखंडावरचे बिनव्याजी, पुढे माफ होणारे कर्ज म्हणून दाखवावा लागे. कर्जमुक्तीसाठी जन्मलेल्या योजनेत आता रिकाम्या प्लॉटवर कर्ज नोंदवले जाऊ लागले. ही तरतूद बेकायदा नव्हती, पण मूळ हेतू किती दूर गेला होता हे तिच्यावरून दिसते.

पाडकामाची गरज होती का? होती, आणि ती मोठी होती. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात असलेली डेट्रॉइटची लोकसंख्या २०१० मध्ये ७ लाख १४ हजारांवर आली होती. शहराने २०१३-१४ च्या हिवाळ्यात सुमारे ३ लाख ८० हजार मिळकतींची एकेक करून पाहणी केली. मे २०१४ मध्ये आलेल्या अहवालात ८४,६४१ इमारती आणि भूखंड पडीक किंवा पडीक होण्याच्या वाटेवर असल्याचे नोंदले गेले. त्यातल्या सुमारे ४० हजार इमारती ‘पडीक’च्या व्याख्येत पूर्णपणे बसणाऱ्या होत्या. निवासी वस्त्यांपुरता खर्च ८५ कोटी डॉलर लागेल, असा अंदाज त्यात होता. हे आकडे वाचताना एखाद्या गल्लीची कल्पना करावी. खिडक्या नसलेले, तांब्याचे पाइप चोरीला गेलेले, आग लागून अर्धे जळालेले घर, आणि त्याला लागून स्वतःचे घर झाडूनपुसून ठेवणारे कुटुंब. त्या कुटुंबाला घराचा विमा मिळणे अवघड, घर विकणे अशक्य, आणि मुलांना शाळेत पाठवताना रोजची भीती. अशा शेजाऱ्याने ‘हे घर आधी पाडा’ म्हटले तर त्याला कारणमीमांसा ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल. पाडकामाचा उपयोगही दिसला. २०१५ मधल्या एका अभ्यासात या निधीतून पाडलेल्या घरांपासून पाचशे फुटांच्या आतल्या घरांच्या किमती सुमारे ४ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पाडकामे झालेल्या भागांत बंदुकीने होणारे हल्ले तुलनेच्या भागांपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्यामुळे पाडकाम हीच मुळात चूक होती, असे मी म्हणत नाही.

पैसा वाहत कसा गेला, हेही समजून घ्यायला हवे. एक लाकडी घर पाडणे म्हणजे यंत्राचा एक फटका नव्हे. आधी पाणी, वीज आणि गॅसच्या जोडण्या तोडायच्या, ॲस्बेस्टॉस शोधून काढायचे, घर पाडून राडारोडा उचलायचा, तळघराचा खड्डा स्वच्छ मातीने भरायचा, वर सुपीक मातीचा थर देऊन गवत पेरायचे. यातल्या प्रत्येक पायरीचे बिल होते आणि प्रत्येक पायरीत काटछाट करायला वाव होता. या मोहिमेच्या सुरुवातीला एका घराला सुमारे दहा हजार डॉलर लागत. २०१५ मध्ये सरासरी सोळा हजारांच्या वर गेली. केंद्राच्या बचाव निधीवर देखरेख करणाऱ्या विशेष महानिरीक्षकांनी जून २०१६ च्या अहवालात नेमके बोट ठेवले. ठेके खुल्या स्पर्धेनेच द्यावेत आणि खर्च आवश्यक व वाजवीच असावा, अशी केंद्राच्या इतर निधींना लागू असणारी बंधने अर्थखात्याने या योजनेला घातलीच नव्हती. ऑगस्ट २०१६ मध्ये डेट्रॉइटच्या पाडकामाचा निधी सुमारे दोन महिने रोखला गेला. २०१९ मध्ये दोघांनी, एक पूर्वीचा शहर कर्मचारी आणि एक ठेकेदार कंपनीचा माणूस, लाचखोरी आणि निविदांतल्या हेराफेरीबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. वृत्तपत्रांत सर्वाधिक जागा याच गोष्टींनी घेतली, आणि चर्चा तिथेच अडकली. भ्रष्टाचार निपटणे आवश्यकच आहे. पण समजा, यातला प्रत्येक डॉलर प्रामाणिकपणे खर्च झाला असता, प्रत्येक खड्डा नियमाप्रमाणे भरला गेला असता, तरीही मूळ प्रश्न जागच्या जागी राहिला असता.

तो प्रश्न घरपट्टीचा आहे. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार करासाठी धरलेले घराचे मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. २००८ नंतर डेट्रॉइटमध्ये घरांचे भाव कोसळले, पण करासाठीची मूल्ये त्या वेगाने खाली आणली गेली नाहीत. सगळ्या शहराचे नव्याने मूल्यांकन व्हायला २०१७ उजाडले, आणि ते कित्येक दशकांतले पहिले होते. कायद्याच्या अभ्यासक बर्नाडेट अटुआहेने आणि अर्थतज्ज्ञ टिमोथी हॉज यांच्या अभ्यासानुसार २००९ ते २०१५ या काळात दरवर्षी ५५ ते ८५ टक्के घरांची मूल्ये घटनेची मर्यादा ओलांडणारी होती. ‘डेट्रॉइट न्यूज’ने २०२० मध्ये केलेल्या हिशेबात २०१० ते २०१६ या काळात रहिवाशांवर किमान ६० कोटी डॉलरचा जादा कर लादला गेल्याचे निघाले. गरीब घरमालकांना घरपट्टी माफ होण्याची तरतूद कायद्यात होती, पण अनेकांना ती माहीत नव्हती आणि अर्जाची वाट सोपी नव्हती. १९९९ च्या राज्य कायद्याप्रमाणे तीन वर्षे घरपट्टी थकली की काउंटी, म्हणजे जिल्हा प्रशासन, घर जप्त करू शकते, आणि थकबाकीवर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत व्याज चढते. काउंटी शहराला थकलेला कर आधीच देऊन टाकते आणि नंतर व्याज व दंडासकट मालकाकडून वसूल करते. म्हणजे थकबाकी जितकी जास्त, तितकी काउंटीच्या त्या खात्यात आवक जास्त. हा कायदा किती टोकाला जाऊ शकतो, हे शेजारच्या ओकलंड काउंटीतल्या एका खटल्याने दाखवले. ८ डॉलर ४१ सेंट कमी भरल्यामुळे जप्त झालेले घर काउंटीने २४,५०० डॉलरला विकले आणि सगळी रक्कम ठेवून घेतली. २०२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले.

या यंत्रातून किती घरे गेली? २००५ ते २०१४ या दशकात डेट्रॉइटमधल्या सुमारे ३ लाख ८५ हजार मिळकतींपैकी जवळजवळ १ लाख ४० हजार मिळकती कर्जासाठी किंवा करासाठी जप्त झाल्या. दर तीन मिळकतींत एकीहून जास्त. कर्जाची लाट ओसरल्यावर कराची लाट आली. २०११ ते २०१५ या पाच वर्षांत शहरातली दर चारपैकी एक मिळकत घरपट्टीसाठी जप्त झाली. अटुआहेने आणि ख्रिस्तोफर बेरी यांच्या अभ्यासाने यातल्या एक दशांश जप्त्यांचे कारण बेकायदा वाढवलेले मूल्यांकन हेच असल्याचे दाखवले. सर्वांत स्वस्त घरांत हे प्रमाण एक चतुर्थांशापर्यंत गेले. जप्त घर आधी थकबाकीच्या रकमेला लिलावात येई. कुणी घेतले नाही तर दुसऱ्या फेरीत बोली ५०० डॉलरपासून सुरू होई. ते घेणाऱ्यांत घर दुरुस्त करून राहणारे होते, तसे लांबच्या गावाहून घरे गठ्ठ्याने उचलणारे आणि पुढचा कर न भरणारे गुंतवणूकदारही होते. कुणीच न घेतलेली घरे बहुतेक करून शहराच्या लँड बँकेकडे, म्हणजे अशा मिळकती सांभाळणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे, येत. तोपर्यंत कुटुंब बाहेर गेलेले, पाइप उखडलेले, छत गळू लागलेले. मग त्या घरावर ‘पडीक’ हा शिक्का बसे आणि केंद्राच्या निधीतून ते पाडले जाई. एका सरकारी कचेरीने चुकीचा कर लावला, दुसरीने त्या करासाठी घर रिकामे केले आणि तिसरीने ते पाडण्यासाठी चौथीकडून पैसे आणले. पाडलेल्या प्रत्येक घराची हीच कहाणी होती असे नाही. कारखाने बंद पडणे, उपनगरांकडे गेलेली लोकवस्ती, फसवी गृहकर्जे, ही कारणे जुनी आणि मोठी आहेत. पण त्या कारणांवर शहराचा हात पोहोचत नव्हता. घरपट्टीचे मूल्यांकन मात्र शहराच्या स्वतःच्या कचेरीत होत होते.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. पाडकामाचा खर्च घरामागे सोळा हजार डॉलरच्या आसपास. २०२१ मध्ये एका खासगी प्रतिष्ठानने डेट्रॉइटमधल्या सुमारे २० हजार गरीब घरमालकांची घरपट्टीची थकबाकी फेडण्यासाठी दीड कोटी डॉलर देऊ केले. भागाकार केला तर कुटुंबामागे साडेसातशे डॉलर. हा आकडा एवढा लहान दिसतो याचे एक कारण सांगायलाच हवे. २०२० मध्ये राज्याने केलेल्या कायद्याने पात्र गरीब कुटुंबांची जुनी थकबाकी, व्याज आणि दंड आधीच मोठ्या प्रमाणात कमी केले होते. उरलेली रक्कम फेडायला दीड कोटी पुरले. पण या स्पष्टीकरणाने मुद्दा कमजोर होत नाही, उलट पक्का होतो. सरकारने नियम सुधारले आणि थोडा पैसा घातला, तर वीस हजार कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार काढता येते. तेवढ्याच पैशात हजारभर घरेसुद्धा पाडता येत नाहीत. शिवाय वाचलेल्या घरात माणूस राहतो, तो पुढचा कर भरतो, बर्फ उपसतो, छप्पर दुरुस्त करतो. पाडलेल्या घराच्या जागी उरतो तो एक भूखंड, ज्याचे गवत दर उन्हाळ्यात शहराला कापावे लागते.

यावर पहिला आक्षेप हा की शहराच्या हातात निवड नव्हती. निधी पाडकामासाठी मिळाला, तो दुसरीकडे वळवता येत नव्हता. नाकारला असता तर दुसऱ्या शहराने नेला असता. आक्षेप रास्त आहे, आणि दिवाळखोरीतल्या शहराला पैसा नाकारायला सांगणे शहाणपणाचे नाही. पण निधीचा इतिहासच या आक्षेपाला उत्तर देतो. हा पैसा पाडकामासाठी नव्हताच. तो घर वाचवण्यासाठी होता आणि नियम बदलून पाडकामाकडे नेला गेला. तो बदल व्हावा म्हणून राज्य आणि शहरांच्या नेत्यांनी वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला. एवढ्याच नेटाने मदतीचे अर्ज सोपे करा, घरपट्टी थकलेल्यांच्या दारापर्यंत पैसा पोहोचवा, असा पाठपुरावा होऊ शकला असता. ३० हजार डॉलरपर्यंतची मदत आधीच नियमात होती. आणि स्वतःचे मूल्यांकन दुरुस्त करायला तर शहराला केंद्राची परवानगी लागत नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरपट्टीची सुधारणा उद्यासाठी आहे, पण आज उभ्या असलेल्या हजारो पडक्या घरांचे काय? ती पाडणे टाळता येत नव्हते. हे खरे आहे, पण किती पाडायची, कुठे पाडायची आणि नंतर काय करायचे, यालाही पुरावा हवा. बंदुकीच्या हल्ल्यांबद्दलच्या वर उल्लेखलेल्या अभ्यासात फायदा मध्यम संख्येने पाडकाम झालेल्या भागांत दिसला. त्याहून जास्त घरे पडलेल्या भागांत तसा फायदा आढळला नाही. गल्लीतले एक पडके दार काढले तर गल्ली सावरते, पण अर्धी गल्लीच गेली तर सावरायला कोण उरणार, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. फिलाडेल्फियाने दुसरी वाट धरली. २०११ पासून तिथे रिकाम्या इमारतींच्या मालकांना खरी दारे-खिडक्या बसवण्याची सक्ती होऊ लागली, आणि मोकळ्या भूखंडांवरचा कचरा काढून गवत पेरणे, थोडी झाडे लावणे, बुटके कुंपण घालणे असे स्वस्त काम मोठ्या प्रमाणावर झाले. चार्ल्स ब्रानस आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात सुधारलेल्या इमारतींभोवती बंदुकीची हिंसा ३९ टक्क्यांनी घटलेली दिसली. भूखंडांवर खर्चलेल्या एका डॉलरमागे करदात्यांचे २६ डॉलर वाचले, असा त्यांचा हिशेब आहे. पुढे ५४१ भूखंड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून केलेल्या प्रयोगातही सर्वांत गरीब वस्त्यांत ही हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. पाडण्याची किंमत आरोग्यातही मोजावी लागते. जुन्या रंगातले शिसे धुळीबरोबर उडते. जवळ पाडकाम झालेल्या मुलांच्या रक्तात शिसे वाढण्याचा धोका जास्त असल्याचे डेट्रॉइटच्या आरोग्य विभागाला आढळले, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने काही भागांतली पाडकामे थांबवली.

तिसरा आक्षेप निकालाचा आहे. डेट्रॉइट सावरले की नाही? सावरले. लँड बँकेकडची चाळीस हजारांहून जास्त रिकामी घरे दशकभरात काही हजारांवर आली. २०२३ मध्ये लोकसंख्या वाढल्याचा अंदाज केंद्रीय जनगणना विभागाने दिला, आणि १९५७ नंतर असे पहिल्यांदाच घडले. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासानुसार शहरातल्या मालकाच्या राहत्या घरांचे एकूण मूल्य २०१४ ते २०२२ या काळात ४२० कोटींवरून ८१० कोटी डॉलरवर गेले, आणि या वाढीचा मोठा वाटा कृष्णवर्णीय घरमालकांना मिळाला. हे यश मोठे आहे, आणि त्यात पाडकामाचा हात आहे हे मान्य करायला मला अडचण वाटत नाही. पण ही वाढ ज्यांची घरे टिकली त्यांच्या पदरात पडली. २०११ ते २०१५ मध्ये बेकायदा करापोटी ज्यांचे घर गेले, ते कुटुंब या हिशेबात कुठेच नाही. त्याचे घर आज उभे असते तर ही वाढ त्याचीही असती. मूल्य जवळजवळ दुप्पट झाले हे सांगणारा आकडा बाहेर फेकल्या गेलेल्यांची संख्या सांगत नाही, म्हणून तो एकटा पुरेसा नाही.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो केंद्राचा निधी संपत आला तेव्हाचा प्रसंग. पुढचे पाडकाम शहराच्या स्वतःच्या पैशातून करायचे ठरले. त्यासाठी २५ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव महापौर माइक डगन यांनी मांडला. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी कौन्सिलने तो ६ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला. आधीच्या पाडकामाचा हिशेब, खड्ड्यांतल्या मातीचा दर्जा, स्थानिक कामगारांना मिळालेली कामे, पाडण्याऐवजी दुरुस्त होऊ शकणारी घरे, असे प्रश्न सभासद आणि नागरिक जोराने विचारू लागले. प्रस्ताव बदलला गेला. पाडकामाबरोबरच वाचवण्याजोगी हजारो घरे सुरक्षित करून विकण्याचे काम त्यात आले. नोव्हेंबर २०२० मध्ये तो मतदारांपुढे ठेवला गेला आणि मोठ्या बहुमताने मंजूर झाला. केंद्राकडून तेवढीच रक्कम आली तेव्हा मतदारांपुढे जायची वेळ आली नव्हती. स्वतःच्या खिशातून जाणार म्हटल्यावर वादही झाला आणि योजना सुधारलीही. केंद्राचा पैसा लोकांना परका वाटतो, म्हणून त्याची चौकशी कमी होते. प्रत्यक्षात तोही करदात्यांचाच असतो आणि तो वेगळ्या कामाला लावता आला असता, ही त्याची खरी किंमत असते.

म्हणून केंद्राच्या निधीला एक साधी अट जोडावी, असे मला वाटते. पडीक घरांसाठी पैसा मागणाऱ्या शहराने आधी दाखवावे की गेल्या तीन वर्षांत शहरात किती घरे रिकामी झाली, कोणत्या कारणाने झाली, त्यातली किती सरकारच्याच कर आणि जप्तीमुळे झाली, आणि ती गळती थांबवण्यासाठी काय केले. निधीचा ठरावीक भाग माणसे राहत असलेल्या घरांवर, म्हणजे थकबाकी, छप्पर आणि घर तापवण्याची भट्टी यांवर, खर्च व्हावा. पाडण्यापूर्वी घर दुरुस्त होऊ शकते का हे लेखी नोंदवावे, आणि पाडल्यानंतरच्या भूखंडाची देखभाल कोण करणार हे आधी ठरावे. अशा अटींमुळे काम लांबते, हा शेवटचा आक्षेपही मला ठाऊक आहे. थोडे लांबेल. पण डेट्रॉइटमध्ये घाई पाडकामाचीच झाली. मूल्यांकन दुरुस्त व्हायला २०१७ उजाडले, घरपट्टीची जुनी थकबाकी हलकी व्हायला २०२० उजाडले, आणि तोवर दर चारपैकी एक मिळकत जप्त होऊन गेली होती. शहराने प्रत्येक पाडकामाची तारीख, पत्ता, ठेकेदार आणि खर्च संकेतस्थळावर नागरिकांसाठी खुला केला, ही चांगली गोष्ट आहे. त्याच यादीशेजारी दुसरी यादी हवी: या आठवड्यात किती कुटुंबे आपल्या घरात टिकली. त्या दुसऱ्या यादीतला आकडा वाढत गेला, तर पहिल्या यादीत भरायला घरेच कमी उरतील.